निनांवी कविता आणि विद्यार्थ्याचें मन

घरांतला मुलगा किंवा मुलगी साहित्य हा विषय घेऊन एम्. ए.च्या वर्गांत जाऊन बसली, कीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून एक प्रश्न आज ना उद्यां निघतोच. ‘कथा-कादंबऱ्या आणि कविता घरीं बसूनही वाचतां येतात, मग त्यासाठीं दोन वर्षें वर्गांत कशाला घालवावयाचीं?’ प्रश्न रोकडा आहे आणि त्याचीं उत्तरेंही ठरलेलीं आहेत. अभिरुचि सुधारते, भाषेवर प्रभुत्व येतें, संस्कृतीची ओळख होते, मन विशाल होतें, असें आम्ही शिक्षक मंडळी सांगतों. ऐकणारा मान डोलावतो. पण त्याचें समाधान झालेलें नसतें, आणि खरें सांगावयाचें तर सांगणाऱ्याचेंही झालेलें नसतें. अभिरुचि सुधारली हें ओळखावयाचें कसें? विशाल झालेलें मन मोजावयाचें कोणत्या मापानें? विज्ञानशाखेचा विद्यार्थी दोन वर्षांपूर्वीं जें करूं शकत नव्हता, तें आज करून दाखवितो. साहित्याच्या विद्यार्थ्यानें काय करून दाखवावें?

या प्रश्नाचें उत्तर शोधतांना मला वारंवार एका पुस्तकाकडे परत जावें लागतें. आय्. ए. रिचर्ड्स याचें ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हें पुस्तक १९२९ सालीं प्रसिद्ध झालें. काव्यसमीक्षेचा ग्रंथ म्हणून त्याची कीर्ति मोठी आहे. परंतु माझ्या मतें तो मुळांत विद्यार्थ्यांविषयींचा ग्रंथ आहे. साहित्याच्या वरच्या वर्गांत बसलेल्या तरुण माणसाच्या मनांत कविता वाचतांना प्रत्यक्ष काय चालतें, हें इतक्या उघडपणें दाखविणारें दुसरें पुस्तक माझ्या वाचनांत नाहीं. या पुस्तकानें मला पुष्कळ शिकविलें, आणि एकदां फसविलेंही. दोन्ही गोष्टी सांगाव्या, हा या लेखाचा हेतु आहे.

प्रयोगाची हकीकत थोडक्यांत अशी. केंब्रिज येथील मॅग्डलिन कॉलेजांत अध्यापन करणाऱ्या रिचर्ड्सनें आपल्या व्याख्यानांना येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातीं कांहीं कवितांचे छापील कागद ठेवले. कागदावर कवीचें नांव नाहीं, काळ नाहीं, कविता कोणत्या ग्रंथांतून घेतली याचा उल्लेख नाहीं. आठवडाभर ती हवी तितक्या वेळां वाचावी आणि मनांत येईल तें मोकळेपणानें लिहून द्यावें. लिहिणाऱ्याचेंही नांव गुप्त राहावें, अशी तजवीज केलेली होती. पुढें या टिपणांवरच व्याख्यान होई. अशा तेरा कविता आणि त्यांवरील निवडक टिपणें पुस्तकांत दिलीं आहेत. कवितांमध्यें डन, हॉपकिन्स, हार्डी, लॉरेन्स, ख्रिस्तिना रोझेटी, लॉंगफेलो अशा नामवंतांच्या रचना होत्या. तशाच, आज सहसा कोणाला आठवणार नाहींत अशा पद्यकारांच्याही होत्या. वाचणारे सामान्य नव्हते. त्यांतील बहुतेक विद्यार्थी इंग्रजी साहित्यच विशेष विषय म्हणून शिकत होते, आणि इंग्लंडांतील अत्यंत खर्चाचें शिक्षण त्यांच्या पाठीशीं होतें.

निकाल काय लागला? नांव गेल्याबरोबर पायाखालची जमीन गेली. ज्या डनवर परीक्षेंत पानेंच्या पानें लिहितां आलीं असतीं, त्याच डनच्या कवितेचा सरळ अर्थही कित्येकांना लावतां आला नाहीं. हॉपकिन्सच्या कवितेपुढें अनेकांनीं नाकें मुरडलीं. उलट, गुळगुळीत शब्दांच्या सामान्य पद्यांना भरघोस दाद मिळाली. सर्वांत नापसंत ठरली ती लॉंगफेलोची कविता. ती एका स्मशानभूमीवरची आहे. थडग्यांवरची कविता म्हणजे कंटाळवाणा उपदेश असणारच, असें मनांत धरून पुष्कळांनीं ती वाचावयास घेतली आणि जें मनांत धरलें होतें तेंच त्यांना सांपडलें. कवीचा सूर वेगळा आहे कीं काय, हें पाहण्यासाठीं ते थांबलेच नाहींत. रिचर्ड्सनें हीं टिपणें छापलीं तीं विद्यार्थ्यांची फजिती करण्यासाठीं नव्हेत, हें मात्र ध्यानांत ठेवलें पाहिजे. त्याचा रोख विद्यार्थ्यांवर नव्हता. ज्या शिक्षणानें त्यांना मतें दिलीं पण वाचन दिलें नाहीं, त्या शिक्षणावर होता.

या तेरांपैकीं एका कवितेचा विचार थोडा सावकाश करावासा वाटतो. कारण पुढें मला जें सांगावयाचें आहे त्याचें बीज तिच्यांत आहे. ती डी. एच्. लॉरेन्सची ‘पियानो’. संध्याकाळच्या अंधुक वेळीं एक स्त्री गात आहे. तें गाणें ऐकणाऱ्या प्रौढ पुरुषाला मागें ओढून नेतें, आणि तो पुन्हां लहान मूल होऊन, पियानो वाजविणाऱ्या आईच्या पायांशीं बसलेला असतो. केंब्रिजच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनीं ही कविता नापसंत केली. आई, बालपण, घरांतलें गाणें, डोळ्यांत पाणी! एवढें सामान दिसतांच त्यांनीं ‘भावविवश’ असा शिक्का मारला आणि कागद बाजूला सारला. पण कविता नीट वाचली तर दिसतें कीं, भावविवशतेचा धोका वाचकाच्या आधीं कवीनेंच ओळखलेला आहे. तो या आठवणीशीं झगडतो, तिला विरोध करतो, आणि शेवटीं आपण हरलों हें उघड्या डोळ्यांनीं कबूल करतो. कविता आठवणीची नाहीं. आठवणीशीं झालेल्या झगड्याची आहे. विद्यार्थ्यांना आठवण दिसली, झगडा दिसला नाहीं.

टिपणांच्या या ढिगांतून रिचर्ड्सनें वाचनाच्या दहा अडचणी निवडून काढल्या. त्यांची नामावळी रुक्ष वाटेल, तरी ती आपल्या घरांतील विद्यार्थ्याला लावून पाहण्यासारखी आहे. पहिली, सरळ अर्थच न लागणें. दुसरी, शब्दांचा नाद आणि लय कानाला न जाणवणें. तिसरी, डोळ्यांपुढें उभ्या राहणाऱ्या चित्रांवर नको इतका भरंवसा ठेवणें. चौथी, अवांतर स्मृति, म्हणजे कवितेशीं संबंध नसलेली स्वतःचीच आठवण मध्यें येणें. पांचवी, सांचेबंद प्रतिसाद, सहावी, भावविवशता, सातवी तिच्या उलट, भावनेला घाबरून मन आखडून घेणें. आठवी, स्वतःच्या धर्ममतांचा किंवा तत्त्वांचा अभिनिवेश. नववी, वृत्त, यमक इत्यादि तंत्राविषयींचे पूर्वग्रह. आणि दहावी, काव्य म्हणजे अमुकच, अशी आधींच बांधून ठेवलेली व्याख्या. यांतील पहिली अडचण शब्दकोशानें कांहीं अंशीं दूर होईल, दुसरी कानाला वळण लावल्यानें. बाकीच्या बहुतेक अडचणी कवितेंत नसून वाचणाऱ्याच्या मनांत आहेत. त्यांना कोश नाहीं. त्या ज्याच्या त्यानेंच आपल्यांत शोधावयाच्या आहेत.

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें हातीं लागतें. साहित्याच्या वरच्या वर्गांत विद्यार्थ्याला मिळवावयाचें असतें त्याहून टाकावयाचें अधिक असतें. प्रवेश घेतांना तो रिकाम्या हातानें येत नाहीं. मतांचें मोठें गांठोडें घेऊन येतो. ज्ञानेश्वरी प्रासादिक, तुकाराम रोखठोक, केशवसुत क्रांतिकारक, मर्ढेकर दुर्बोध! ही विशेषणें त्याला शाळेंत मिळालेलीं असतात, आणि मार्गदर्शक पुस्तकांतून तीं पक्कीं झालेलीं असतात. तीं सगळींच चुकीचीं असतात असें नव्हे. पण तीं त्याचीं नसतात. एखाद्या दिवशीं निनांवी कागद पुढें येतो आणि आपल्याला स्वतःचें असें कांहींच म्हणतां येत नाहीं, हें त्याला प्रथमच कळतें. तो दिवस मोठा लाजिरवाणा असतो. पण ज्या विद्यार्थ्याच्या आयुष्यांत तो आलाच नाहीं, त्यानें पदवी घेतली असेल. साहित्याच्या वर्गांत तो बसला असें मी म्हणणार नाहीं.

येथवर मी रिचर्ड्सचा ऋणी आहें. परंतु उत्तराचा दुसरा अर्धा भाग त्याच्या दहा अडचणींत सांपडत नाहीं. त्यासाठीं केंब्रिजहून काश्मीरकडे आणि सुमारें एक हजार वर्षें मागें जावें लागतें. भरताच्या नाट्यशास्त्रावर ‘अभिनवभारती’ ही टीका लिहितांना अभिनवगुप्तानेंही रसास्वादाच्या आड येणाऱ्या सात विघ्नांची गणना केली आहे. दोन्ही याद्या शेजारीं ठेवून वाचल्या तर त्यांतील सादृश्य पाहून कौतुक वाटतें. प्रेक्षकाला वर्णिलेली गोष्ट संभवनीयच न वाटणें, हें सुखदुःख माझें किंवा अमक्याचें, अमक्या देशाकाळांतलें, असा आग्रह मनाला जडणें, प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखानें विवश झालेला असणें, प्रतीतीचीं साधनें अपुरीं असणें, स्पष्टपणाचा अभाव, जें प्रधान तें प्रधानपणें न दिसणें, आणि संशय. यांतील ‘निजसुखादिविवशीभाव’ हें विघ्न आणि रिचर्ड्सची अवांतर स्मृति यांचें नातें उघड आहे. घरून नुकताच भांडून आलेला मनुष्य नाटकांतल्या भांडणांत स्वतःचेंच भांडण पाहतो. अभिनवगुप्तालाही हें मान्य आहे, आणि गीत, वाद्य इत्यादि नाट्यसामग्रीचा उपयोग त्या विघ्नाच्या निवारणासाठीं होतो असें तो सांगतो.

पण साम्य येथें संपतें. रसिकाच्या मनांत काय नसावें, एवढ्यावर काश्मीरचा हा आचार्य थांबत नाहीं. काय असावें लागतें, हेंही तो सांगतो. तो त्याला ‘वासना’ म्हणतो. रति, शोक, उत्साह, भय यांचे संस्कार प्रत्येक माणसाच्या ठायीं सूक्ष्म रूपानें असतात, आणि काव्य वाचतांना तेच जागे होतात. ज्याला कधीं भय ठाऊकच नाहीं, त्याला भयानक रस कोठून भेटणार? ‘सहृदय’ म्हणजे केवळ कोवळ्या मनाचा मनुष्य, असाही त्याचा अर्थ नाहीं. ‘ध्वन्यालोका’वरील ‘लोचन’ टीकेंत सहृदयाचें जें लक्षण तो सांगतो, त्यांत काव्याच्या सतत परिशीलनानें मनाचा आरसा स्वच्छ होण्याची अट घातली आहे. अभ्यासाशिवाय सहृदयता नाहीं. आणि ज्या आरशांत कधीं कांहीं उमटलेंच नाहीं, त्याची स्वच्छता व्यर्थ आहे. वाचकाचें आयुष्य हें विघ्न आहे आणि भांडवलही आहे. दोन्ही एकाच पेटींत ठेवलेलीं असतात, आणि तीं वेगळीं करावयास शिकणें हाच खरा अभ्यास होय.

हें मला पुस्तकांतून कळलें नाहीं. एका विद्यार्थिनीकडून कळलें. वीस-बावीस वर्षांपूर्वींची गोष्ट. एम्. ए.च्या वर्गावर रिचर्ड्सचा प्रयोग मराठींत करून पाहावा असें माझ्या मनानें घेतलें. पहिलीच अडचण मौजेची आली. आमच्या संतकवितेंत कवीचें नांव शेवटच्या चरणांतच गुंफलेलें असतें. तें झांकावयाचें तर चरणच झांकावा लागतो. जनाबाईच्या दळणाच्या अभंगाचा शेवट मीं कापला आणि उरलेले चरण वर्गाला दिले. नामदेवांच्या घरच्या या दासीबरोबर विठ्ठल दळावयास बसतो, ही कल्पना मराठी घरांत इतकी परिचयाची आहे कीं, नांव कापूनही तें लपलें नाहीं. बहुतेक टिपणांत सगुण भक्ति, दास्यभाव, समर्पण, वात्सल्य असे शब्द ओळीनें आले. एक टिपण निराळें होतें. घाटमाथ्यावरच्या एका खेड्यांतून आलेल्या, वर्गांत क्वचितच बोलणाऱ्या मुलीचें तें होतें. तिनें आपल्या आजीविषयीं लिहिलें होतें. आजी पहाटे एकटी दळीत असे; मग आई येऊन समोर बसे आणि खुंट्याला दुसरा हात लागे. दुसरा हात लागला कीं जातें एकदम हलकें होतें, आणि दळणारीचा श्वास मोकळा होऊन तोंडांतून ओवी येते. या कवितेंत देवाचा मोठेपणा सांगितलेला नाहीं, असें तिचें म्हणणें. दुसरा हात लागल्याचें सांगितलें आहे.

मीं त्या टिपणावर तांबड्या शाईनें रेघ ओढली आणि समासांत लिहिलें, ‘अवांतर. स्वतःच्या आठवणी नकोत.’ रिचर्ड्सची चौथी अडचण मला पाठ होती.

दुसऱ्या दिवशीं ती मुलगी कागद घेऊन आली. भांडावयास नव्हे; तिला खरोखरच विचारावयाचें होतें. ‘सर, यांत अवांतर कोणतें? आजी, कीं जातें?’ मला चटकन् उत्तर देतां आलें नाहीं. ‘तूंच पाहा,’ असें कांहींसें बोलून मीं वेळ मारून नेली. आठवड्यानें तिनें टिपण पुन्हां लिहून आणलें. त्यांत आजी नव्हती. जातें होतें, खुंटा होता, समोरासमोर बसलेल्या दोघी होत्या आणि हलका झालेला हात होता. शेवटीं तिनें लिहिलें होतें कीं, दळणाला मदत करणारें माणूस नेहमीं समोर बसतें, वर बसत नाहीं. म्हणून या कवितेंत देव खालीं उतरला असें म्हणण्यापेक्षां तो समोर बसला असें म्हणणें बरोबर होईल. जनाबाईवर मीं तोंवर जें वाचलें होतें, त्यांत हें वाक्य कोठेंही नव्हतें. वर्गांतल्या बाकीच्या टिपणांत भक्तीचे पांच प्रकार होते, पण जात्याचा भार कोठेंच नव्हता. आणि तो भार ज्याला जाणवला नाहीं, त्याला देवानें काय केलें तें कळावयाचें कसें?

ही हकीकत मी माझी चूक कबूल करण्यासाठींच केवळ सांगत नाहीं. त्या आठवड्यांत त्या मुलीनें काय केलें, तें पाहण्यासारखें आहे. तिनें आपली आठवण टाकून दिली नाहीं आणि तिच्यांत बुडालीही नाहीं. ती तिनें निवडली, पाखडली. आजीवरचें प्रेम तिचें स्वतःचें होतें. तें तिनें स्वतःजवळ ठेवलें. जात्याचें ज्ञान कवितेचें होतें; तें तिनें कवितेला दिलें. लॉरेन्सच्या कवितेंतला पुरुष ज्या झगड्यांत हरला, तोच झगडा ती आपल्या परीनें लढली. पहिल्या टिपणापासून दुसऱ्या टिपणापर्यंतचें हें अंतर म्हणजेच विद्यार्थ्याची वाढ, असें मला वाटतें. आणि त्या वाढीला अडसर कोणाचा झाला होता? पुस्तकी नियमानें सज्ज असलेल्या शिक्षकाचा. येथें रिचर्ड्सवर अन्याय होऊं नये म्हणून सांगतों : त्यानें स्मृतीला दोष दिलेला नाहीं, अवांतर स्मृतीला दिला आहे. त्या विशेषणांतच सारा विवेक आहे. परंतु त्याच्यामागून आलेल्या आम्हां अनुयायांच्या हातून विशेषण गळून पडलें आणि स्मृतीच अपराधी ठरली. याचा फटका कोणाला बसतो, तेंही उघड आहे. ज्याच्या घरीं पुस्तकें आहेत तो पुस्तकी शब्दांत लिहितो, त्याचें कांहीं अवांतर ठरत नाहीं. ज्याच्या घरीं जातें, नांगर किंवा होडी आहे, त्याचें सारें आयुष्यच तांबड्या शाईखालीं जातें.

रिचर्ड्स स्वतः शिक्षक म्हणून याहून शहाणा होता, याचा पुरावा त्याच्याच एका विद्यार्थ्याच्या चरित्रांत आहे. विल्यम एम्पसन १९२५ सालीं मॅग्डलिनमध्यें आला तो गणित शिकावयास. १९२८ मध्यें तो इंग्रजी साहित्याकडे वळला आणि रिचर्ड्सच्या देखरेखीखालीं आला. रॉबर्ट ग्रेव्ह्ज आणि लॉरा रायडिंग यांनीं शेक्सपिअरच्या एका सुनीतांतून अर्थाचे अनेक पदर काढून दाखविले होते. तें वाचून हा मुलगा एके दिवशीं म्हणूं लागला कीं, असें तर कोणत्याही कवितेचें करतां येईल. रिचर्ड्सनें त्यावर व्याख्यान दिलें नाहीं. मग तूंच करून आण, अशा अर्थाचें कांहीं बोलून त्याला वाटेस लावलें. एकदोन आठवड्यांत एम्पसन टंकलिखित कागदांचा गठ्ठा घेऊन परत आला. त्यांत सुमारें तीस हजार शब्द होते. ‘सेव्हन टाइप्स ऑफ ॲम्बिग्युइटी’ या १९३० सालीं निघालेल्या ग्रंथाचा तो गाभा होता. त्या वेळीं ग्रंथकाराचें वय चोवीस वर्षांचें होतें.

एम्पसनची तल्लख बुद्धि प्रत्येक विद्यार्थ्याला लाभणार नाहीं, आणि त्याच्या पद्धतीचा धोकाही दृष्टीआड करतां येत नाहीं. एका शब्दाचे सात अर्थ काढण्याच्या नादांत कवितेला न पेलणारे अर्थ तिच्यावर लादले जातात, हा आक्षेप त्याच्यावर आला आणि तो सर्वस्वीं निराधार नाहीं. पण मला येथें महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच. गणिताची संवय त्यानें साहित्याच्या वर्गाबाहेर काढून ठेवली नाहीं. एका विधानांतून किती शक्यता निघतात त्या एकामागून एक तपासून पाहणें, हें गणित्याचें वळण. तेंच त्यानें कवितेकडे आणलें. आमच्या विद्यार्थिनीचें जातें आणि एम्पसनचें गणित हीं एकाच जातीचीं भांडवलें आहेत. परीक्षेंत त्यानें उत्तम यश मिळविलें. कॉलेजनें त्याला फेलोशिप दिली आणि खाजगी वर्तनाच्या कारणावरून ती थोड्याच दिवसांत काढूनही घेतली. वर्गांत जें कमावलें तें मात्र काढून घेण्यासारखें नव्हतें. पुढें १९३७ मध्यें तो चीनमध्यें शिकवावयास गेला, तों जपानी आक्रमणामुळें तेथील विद्यापीठें स्थलांतर करीत होतीं. त्या धामधुमींत, पुस्तकें हाताशीं नसतांना, स्मरणांत असलेल्या कवितांवर त्यानें वर्ग चालविले. नीट वाचलेली कविता माणसाजवळ कशी राहते, याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

आतां आपल्या वर्गांकडे वळूं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. पण उच्च परीक्षांच्या अभ्यासक्रमांत मराठीला स्थान मिळावें म्हणून न्यायमूर्ति रानड्यांना शतकाच्या अखेरीपर्यंत झगडावें लागलें. मराठींत शिकण्यासारखें साहित्यच काय आहे, असा तेव्हांचा आक्षेप होता. आज तो कोणी घेत नाहीं. आमचा साहित्यसंसार मोठा झाला, वर्ग वाढले, प्रबंधांचे ढीग पडले. पण ज्या हेतूनें ही जागा मिळविली तो साधला का? प्रश्नपत्रिकेंत कवीचें नांव आणि त्यापुढें एक विशेषण देऊन ‘चर्चा करा’ असें सांगितलें जातें. विशेषणाशीं सहमत होऊन चार पानें भरणाऱ्याला गुण मिळतात. शिकवितांना कवितेच्या आधीं कवीचें चरित्र, चरित्राच्या आधीं कालखंड आणि कालखंडाच्या आधीं प्रवृत्ति येते; कविता येते तेव्हां तास संपलेला असतो. अशा वर्गांतून बाहेर पडणाऱ्या मुलाला मराठी साहित्याविषयीं पुष्कळ माहिती असते. त्याला एक निनांवी कविता द्या आणि तो काय करतो तें पाहा.

याला उपाय म्हणून इतिहास आणि चरित्र यांना हांकून लावावें, असें माझें म्हणणें नाहीं. जनाबाई दासी होती हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याला तिच्या जात्याचें वजनही पुरतें कळणार नाहीं. नांव झांकणें ही एक कसरत आहे. ती आयुष्यभर करावयाची नसते. तालमींत दंड-बैठका काढतात त्या बाजारांत काढून दाखविण्यासाठीं नव्हे. पण महिन्यांतून एक तास तरी वर्गांत निनांवी कागद फिरावा, विद्यार्थ्यानें त्यावर आपलें म्हणणें लिहावें, आठवड्यानें तेंच पुन्हां लिहावें, आणि दोन्हींतील फरक त्यानें स्वतः वाचून पाहावा. शिक्षकानें तांबडी शाई जरा जपून वापरावी. यासाठीं नवें अनुदान लागत नाहीं कीं नवी इमारत लागत नाहीं. लागतो तो थोडा धीर. कारण त्या तासाला विद्यार्थ्याप्रमाणें शिक्षकाचेंही पितळ उघडें पडण्याचा संभव असतो. माझें पडलें होतें, आणि त्याबद्दल मला आज खेद वाटत नाहीं.

आणि घरांतील वडीलधाऱ्यांच्या त्या प्रश्नाला आतां मी असें उत्तर देईन. दोन वर्षांनीं मुलगा किंवा मुलगी घरीं येईल, तेव्हां तिला कवींचीं नांवें किती येतात हें विचारूं नका. घरांत रोज घडणारी एखादी गोष्ट, वर्तमानपत्रांतलें एखादें भाषण, नातेवाइकाचें एखादें पत्र तिच्यापुढें ठेवा. त्यांत प्रत्यक्ष काय म्हटलें आहे, तें कोणत्या सुरांत म्हटलें आहे, आणि तें वाचतांना तिच्या स्वतःच्या रागालोभानें त्यांत काय मिसळलें, हें तिला वेगवेगळें करून सांगतां येतें का तें पाहा. दुसऱ्याचें बोलणें दुसऱ्याचें म्हणून ऐकणें, आणि तरीही तें ऐकतांना आपल्या आयुष्याचें दार लावून न घेणें, ही विद्या कवितेवर शिकतात. वापरावयाची असते ती माणसांवर. ती साधली असेल, तर दोन वर्षें वायां गेलीं नाहींत. साधली नसेल, तर दोष मुलीला देण्यापूर्वीं आम्हां शिक्षकांना एकदां बोलावून विचारावें. उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे.